इथं कातरी चालत नाही

समन्स हातात पडलं तेव्हा लव्हेल पेटवे बसच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसून टायरची हवा बघत होता. आगारात सकाळची नेहमीची घाई चालली होती. चाळीस पिवळ्या शाळाबस एकदम गुरगुरत होत्या, कुणाची तरी कॉफी सांडली म्हणून कुणीतरी ओरडत होतं. त्या गडबडीत एक जाकीटवाला गृहस्थ चिखल चुकवत त्याच्यापर्यंत आला, नाव विचारून खात्री करून घेतली आणि लग्नपत्रिका द्यावी तसा अदबीनं कागद पुढे केला. लव्हेलनं हात पँटला पुसून तो घेतला. गृहस्थ दोन पावलं गेला आणि वळला. चेहऱ्यावर ओळखीचं हसू. "तुमचा शो बघतो हं मी. आमचा थोरला तर तुमची नक्कलही करून दाखवतो. इथं कातरी चालत नाही!" आणि हवेत दोन बोटांची कातरी नाचवत तो खुशीत निघून गेला. लव्हेलनं कागद उलगडला आणि पहिली ओळ वाचून खिशात कोंबला.

वाक्य त्याचंच होतं. गेली सहा वर्षं तो ते दर भागाच्या सुरुवातीला म्हणत आला होता. "हा फ्रंट पोर्च. जे बोललं गेलं तेच ऐकाल. इथं कातरी चालत नाही." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा काही ठरवून म्हणाला नव्हता. आई जाऊन दोन महिने झाले होते, तिच्या घराच्या ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या होत्या, समोर उसना कॅमेरा, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून ते तोंडातून निघून गेलं. लोकांनी उचललं. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्याला दोन बोटं नाचवून दाखवायचे. बसमधली पोरंसुद्धा उतरताना ओरडायची. मेम्फिसच्या रेडिओला गल्लीतल्या पोरांची गाणी वाजवायला सवड नव्हती. वाजवली तर ती पोरं शहर सोडून मोठी झाल्यावर. लव्हेल त्यांना त्याआधी बोलवायचा. चांगली खुर्ची पाहुण्याला, वेत उसवलेली स्वतःला. आवाज नको म्हणून पंखा बंद, म्हणजे घामाच्या धारा. आणि पहिला प्रश्न ठरलेला, जो त्यांच्या ऑरेंज माउंड वस्तीतल्या कुठल्याही म्हातारीनं अनोळखी पोराला विचारला असता. "तू कुणाचा?" दातांवर सोनं चढवलेली, गळ्यात साखळदंड घातलेली दांडगी पोरंसुद्धा त्या प्रश्नाला एकदम सात वर्षांची व्हायची. आजीचं नाव सांगायची. लव्हेलला स्वतःच्या शोमधली ती दहा सेकंदं सगळ्यात आवडायची. त्यांच्यासाठीच आपण हे करतो असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि बहुतेक दिवस त्याचा त्यावर विश्वासही असायचा.

टेव्हियन घोल्स्टनला त्यानं तोच प्रश्न विचारला होता. उत्तर माहीत असून विचारला होता, कारण टेव्हियनला तो वयाच्या आठव्या वर्षापासून ओळखत होता. बस लागायची म्हणून हे पोर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं, आणि उलटी येऊ नये म्हणून थांब्यांची नावं एकाला एक जोडून गुणगुणत राहायचं. आजी, मिस व्हर्लीन, गाउनवर स्वेटर चढवून पत्रपेटीला हात टेकून उभी असायची आणि बस वळेपर्यंत हात हलवायची. त्याच थांब्यावर आज सकाळी लव्हेलची बस थांबली. दुसऱ्या कुणाची तरी पोरं चढली. समन्स खिशात कुरकुरत होतं. सरकार विरुद्ध टेव्हियन घोल्स्टन. साक्षीसाठी हजर राहावं, येताना सदर मुलाखत आणि तिचं सगळं कच्चं चित्रीकरण घेऊन यावं. कच्चं चित्रीकरण! मागून कोणीतरी ओरडलं, "मिस्टर पेटवे, दार!" तो दार लावायचं विसरला होता.

कच्चं काहीच उरलेलं नव्हतं. तीन मेमरी कार्डं होती, ती आलटून पालटून वापरायची. रविवारी दुपारी चित्रीकरण, रात्री जुळवाजुळव, सोमवारी भाग इंटरनेटवर लोकांसमोर, आणि सोमवारीच कामावरून आल्यावर कार्ड पुसून पुढच्या रविवारसाठी डब्यात. जेवल्यावर ताट घासून ठेवावं इतकं ते अंगवळणी पडलं होतं. तरी त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं सगळं घर उपसलं. जुना लॅपटॉप, बंद पडलेला फोन, आईच्या शिवणाच्या डब्यात चुकून पडलेलं एक कार्ड. त्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो निघाले. काही नाही हे ठाऊक असताना माणूस का शोधतो? आपण शोधलं होतं असं पुढे म्हणता यावं म्हणून, दुसरं काय. त्यानं स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि खुर्चीवर बसून राहिला. मुलाखत पुन्हा बघायची गरज नव्हती. ती त्याला पाठ होती. लोकांनी पाहिलेली आणि कुणी न पाहिलेली, दोन्ही.

एप्रिलचा रविवार होता. चर्च सुटलं होतं, त्यामुळे दर पाच मिनिटांनी टोपीवाल्या म्हाताऱ्या गाड्यांतून सावकाश जात होत्या आणि प्रत्येक वेळी टेव्हियन माइक बाजूला ठेवून उठून उभा राहत होता. "येस मॅम. हो मॅम, आजी बरी आहे. सांगतो मॅम." गाडी गेली की पुन्हा बसायचा, खांदे पाडायचा, डोळे बारीक करायचा आणि पुन्हा रॅपर व्हायचा. लव्हेलला हसू आवरत नव्हतं. मग त्यानं टेव्हियनच्या नव्या गाण्यातल्या त्या कडव्याबद्दल विचारलं. सगळी गल्ली त्या कडव्याबद्दल बोलत होती. त्याच फेब्रुवारीत टायरवाल्याच्या मागे रॉडनी हिग्ज नावाच्या माणसाला कुणीतरी गोळ्या घातल्या होत्या; टेव्हियनच्या गाण्यात त्या खुनाच्या जागची हिरवी गाडी होती, उघडं राहिलेलं दार होतं, आत चालूच राहिलेला रेडिओ होता. लव्हेल पुढे झुकला होता. प्रश्न त्यानं कसा विचारला ते त्याला आजही अंगावर काटा येईल इतकं स्पष्ट आठवत होतं. आवाज मुद्दाम खाली आणला होता. "तू होतास तिथं?" आणि टेव्हियननं थेट कॅमेऱ्यात बघितलं. एक, दोन, तीन सेकंद. "मी न बघितलेलं लिहीत नाही."

भागात एवढंच आहे. त्यानंतर काळा पडदा आणि गाणं.

ओट्यावर मात्र त्यानंतर टेव्हियनला हसू फुटलं होतं. साधं नाही, खुर्चीवरून पडायच्या बेताचं. "नाही हो, मिस्टर पेटवे! चेहरा बघा तुमचा! अहो मी कुठला तिथं? मी घरी होतो, आजीच्या पायाची नखं काढत होतो. देवाशपथ. तिला साखर आहे ना, वाकता येत नाही, नर्सला हात लावू देत नाही. दर दुसऱ्या गुरुवारी माझी ड्युटी असते. पाय गरम पाण्यात, मांडीवर टॉवेल. सायरन ऐकले तर म्हणाली, हलू नकोस, अंगठा राहिलाय. सगळं मला दुसऱ्या दिवशी बू-नं सांगितलं, माझ्या मावसभावानं. अर्ध्या गल्लीनं ती गाडी बघितली, मीच तेवढा नाही बघितली!" आणि डोळे पुसत म्हणाला, "हे दाखवलंत तर मेलो मी. आयुष्यभर मला नखंवाला म्हणतील."

लव्हेलनं ते गाळलं. पोरानंच गाळायला सांगितलं होतं, असं तो गेले अकरा महिने स्वतःला सांगत आला होता. टेव्हियनला नोव्हेंबरात रॉडनीच्या खुनासाठी उचललं तेव्हापासून. पण टेव्हियननं गाळायला सांगितलं नव्हतं. मेलो मी म्हणाला होता, आणि म्हणताना हसत होता, आणि 'दाखवू नका' हे शब्द त्यानं उच्चारले नव्हते. लव्हेलनं ते गाळलं कारण त्या हसण्यानं आधीच्या तीन सेकंदांचं वाटोळं होत होतं. रविवारी जुळवाजुळव करताना त्यानं तो तुकडा दोनदा लावून बघितला. हसणं ठेवलं तर एक गोड पोरगा दिसत होता. गाळलं तर अंगावर शहारा येत होता. शहारा ठेवला. त्याला फार विचारही करावा लागला नव्हता, आणि तेच त्याला आता सहन होत नव्हतं. इतक्या सहजपणे केलेल्या गोष्टीची शिक्षा इतकी मोठी कशी असते, आणि तीही दुसऱ्याला?

टेव्हियनची वकील, मिस कॅल्डवेल, कोर्टानंच नेमून दिलेली होती. तरुण, दमलेली, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. तिनं त्याला सगळं तीनदा सांगायला लावलं. नखं, टॉवेल, अंगठा, बू. ती लिहीत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. "म्हणजे अटक व्हायच्या सात महिने आधी, कुणाचा संशय नसताना, तो हे बोललाय. मिस्टर पेटवे, हे फार मोठं आहे. आजीचं कोणी ऐकणार नाही. आजी नातवासाठी काहीही सांगेल असं म्हणतील. पण हे त्याच्या तोंडून, तेव्हाचं! कार्ड आणलंय?"

"पुसलं."

"दुसरीकडे कुठं?"

"नाही."

"क्लाउडवर, ईमेलमध्ये, कुणाला पाठवलं असेल, काहीही?"

"मी सोमवारी पुसतो मॅडम. दर सोमवारी."

तिनं पेनाचं टोपण लावलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "ठीक आहे. मग तुम्हीच सांगायचं. तुमच्याशिवाय दुसरं काही नाही आपल्याकडे." जाताना त्यानं विचारलं, निदान तो भाग तरी काढून टाकू का? ती दचकलीच. "हातसुद्धा लावू नका. पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हालाच आत टाकतील." तेव्हा तो भाग होता तिथंच राहिला. अटक झाल्यापासून तो बघणारे वाढतच होते. चार लाख झाले. लव्हेलच्या दुसऱ्या कुठल्याच भागाला वीस हजारांच्या वर माणसं लाभली नव्हती. सकाळी उठल्याबरोबर तो आकडा बघायचा, आणि आकडा वाढलेला असला की जुन्या सवयीनं क्षणभर बरं वाटायचं. मग तो तोंड धुवायला जायचा आणि आरशात बघणं टाळायचा.

टेव्हियनचा तुरुंगातून एकदाच फोन आला. सुरुवातीलाच यंत्रानं सांगितलं की हे बोलणं नोंदवलं जातंय. लव्हेलला वाटलं, वा! तुझं आणि माझं हे असलं बोलणं तेवढं जपून ठेवतात. "किती झाले मिस्टर पेटवे? चार? माझ्यामुळे नाव काढलंत की!" पोरगं चेष्टा करत होतं. मग हळूच म्हणालं, "तुम्ही सांगाल ना त्यांना?" लव्हेल म्हणाला, सांगेन. "नखांचं पण सांगा. आता काही नाही वाटत मला. कोणी हसलं तर हसू दे." मग बीप वाजली आणि बोलणं तुटलं.

खटल्याच्या दिवशी लव्हेलनं आईच्या अंत्यविधीला शिवलेला सूट घातला. तो पोटावर आवळत होता. बाकांच्या पहिल्या रांगेत रॉडनी हिग्जची आई बसली होती, आणि ती रविवारी त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांच्या गाड्यांपैकी एकीत असायची हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. टेव्हियन तिच्यासाठीही उठून उभा राहिला असणार. या बाईलाही खरं काय ते हवं होतं. तिचा हक्कच होता. ते तिला द्यायला त्याच्याजवळ होतं, पण हातात धरून दाखवता येईल असं नव्हतं. समोर टेव्हियन, कुणाच्या तरी सुटात, दातांवरचं सोनं उतरवलेलं. गाल आत गेले होते आणि तो बसमधल्या पोरासारखा दिसत होता.

मुलाखत दाखवली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आईचा ओटा. ती तीन सेकंदं आली तेव्हा ज्यूरीतल्या एका बाईनं स्वतःचे दंड चोळले. शहारा! त्यानं कमावलेला, जपून ठेवलेला शहारा. किती नेमका लागला होता तो.

मग मिस कॅल्डवेल उठली आणि तिनं विचारलं, यातून काही गाळलं आहे का. लव्हेलनं सगळं सांगितलं. हसणं, गुरुवार, गरम पाणी, अंगठा राहिलाय. सांगताना त्याला स्वतःचाच आवाज पोकळ वाटायला लागला. खरं बोलताना आपण शोमधल्यासारखे का बोलतोय, थांबतोय कुठं, आवाज खाली का आणतोय? सहा वर्षांत त्याला दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. नखांचा उल्लेख आला तेव्हा कोणीतरी खुसखुसलं, आणि टेव्हियननं मान खाली घातली. इतक्या महिन्यांत खुनाच्या आरोपानं जी मान खाली गेली नव्हती ती आता गेली.

सरकारी वकील पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेली बाई होती. ती जागेवरूनच, सौम्यपणे बोलली.

"मिस्टर पेटवे, एकूण किती भाग केलेत तुम्ही?"

"दोनशे अकरा."

"प्रत्येकाची सुरुवात एकाच वाक्यानं होते, नाही का? आपण ऐकू या." तिनं बटण दाबलं. पडद्यावर तो स्वतः, सहा वर्षांपूर्वीचा, बारीक, हसरा. हा फ्रंट पोर्च. जे बोललं गेलं तेच ऐकाल. इथं कातरी चालत नाही. "हा आवाज तुमचाच ना?"

"माझाच."

"दोनशे अकरा वेळा तुम्ही लोकांना सांगितलंत की काही गाळत नाही. आज सांगताय की गाळलं, आणि गाळलेलं दाखवता येत नाही. मग तेव्हा लोकांशी खोटं बोलत होतात, की आत्ता आमच्याशी?"

"ती... ती बोलायची पद्धत आहे मॅडम. शो असतो. असं म्हणतात. फुशारकी असते."

"म्हणजे तुमच्या ओट्यावर जे बोललं जातं ते खरं नसतं?"

दार किलकिलं झालं असं त्याला वाटलं. तो जवळजवळ उठलाच. "नसतं! तेच तर सांगतोय मी! पोरं मोठं मोठं बोलतात, मीही बोलतो, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यानंही तेच केलं. मी म्हणालो कातरी चालत नाही, तो म्हणाला न बघितलेलं लिहीत नाही. एकच आहे ते!"

"असं." तिनं चष्मा खाली ओढला. "मग तुमच्या बोलण्यातली फुशारकी कुठली आणि खरं कुठलं, हे या मंडळींनी कशावरून ओळखायचं?"

लव्हेलनं ज्यूरीकडे बघितलं. बारा माणसं त्याच्याकडे बघत होती, खरोखर उत्तराची वाट बघत. त्यानं तोंड उघडलं. त्याला दोनशे अकरा भाग आठवले, उसवलेली खुर्ची आठवली, सोमवार आठवला. तोंड उघडंच राहिलं. बाई म्हणाली, "आणखी काही विचारायचं नाही," आणि एक हवालदार त्याला दार दाखवायला पुढे आला.

बाहेर मोठ्या गार हॉलमध्ये एकच बाक होतं. त्यावर मिस व्हर्लीन बसली होती. तिची साक्ष काल झाली होती. पुन्हा बोलावतील म्हणून तिला आत बसू देत नव्हते. मांडीवर पर्स, डोक्यावर रविवारची जांभळी टोपी. तिनं जागा केली आणि लव्हेल शेजारी बसला.

"सांगितलंस बाळा?"

"सांगितलं, मिस व्हर्लीन."

"नखांचं?"

"नखांचंही."

"मग झालं तर." तिनं मोठा श्वास सोडला. "माझं काल ऐकलंच नाही त्यांनी. ती चष्मेवाली म्हणाली, तुमचं नातवावर प्रेम आहे ना? म्हटलं, आहे तर! तर म्हणाली, धन्यवाद, जा. पण तुझं ऐकतील. तुझं अख्खं शहर ऐकतं."

लव्हेलनं तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं म्हणून त्याची नजर खाली गेली. वर रविवारचा पोशाख आणि पायात घरातल्या निळ्या सपाता, त्याही पुढून कापलेल्या. अंगठ्यांची नखं जाड, पिवळी, वाकून आत वळायला लागली होती. तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

"नको बघूस रे. लाज वाटते मला. बुटात पाय जात नाही आता. दवाखान्यातली पोरगी म्हणते, मी काढून देते, पण तिचा हात जड. साखरेच्या माणसाला जखम झाली की संपलं. म्हटलं राहू दे, टेव्हियन येईलच." तिनं टोपी सारखी केली. "रविवारपर्यंत सोडतील का रे?"

त्याला सांगायचं होतं. कार्ड पुसलं ते, शहारा ठेवला तो, तोंड उघडंच राहिलं ते. शब्द जुळवताना त्याला आपल्याच आवाजाची भीती वाटली.

"सोडतील," तो म्हणाला.

आत सरकारी वकील शेवटचं बोलायला उभी राहिली असावी. तिचं बोलणं दारातून नुसतं गुणगुण होऊन येत होतं. मग ते थांबलं आणि जाड दारापलीकडून दुसरा एक आवाज आला, मोकळा, खुशीतला, रविवार दुपारचा. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती, दर भागाच्या सुरुवातीची. मिस व्हर्लीननं मान कलती करून ऐकलं आणि कौतुकानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझाच ना रे आवाज?"

"हो," तो म्हणाला. "माझाच."